तपासणाऱ्याची सही

मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर चंपतराव राहतात आणि त्यांच्या बरोब्बर खाली मी. दीड वर्षं मी या माणसाशी भांडले, हे आधीच सांगून टाकते. मागाहून मला कोणी साळसूद समजू नये.

भांडणाचं कारण घरघर. दुपारी चार वाजले की ती छतातून उतरायची. मी तरातरा जिना चढून जायची. "भाऊ, हे संगीत आहे की पिठाची गिरणी?" ते दारातच म्हणायचे, "होऊनच राहिलं ताई, थोडंसं उरलं." गेल्या दिवाळीच्या तोंडावर तर कहरच झाला. आठवडाभर माझ्या ओट्यावरच्या पोह्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा थरथरत होतं. मी पुन्हा वर.

चंपतराव कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं मीटर-गेज सांभाळणारे. बायको गेली, मुलगी कॅनडात. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, हे भंगार बाजारात गेले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी परदेशात काही वेड्यांनी पेटी नाही, तबला नाही, नुसत्या विजेच्या यंत्रांतून संगीत काढलं होतं. त्यांच्याबद्दल यांनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं होतं म्हणे. मग हळूहळू खोलीची एक भिंत बटणांनी आणि लोंबत्या वायरींनी भरली. त्यातून त्यांना एकच रचना करायची होती, अकरा मिनिटांची. ज्या युनिटवर त्यांची उमर गेली ते मोडीत निघालं होतं, त्याच्या टर्बाइन हॉलचा आवाज त्यांना परत हवा होता. वर वाफेचा फुत्कार, मध्ये कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याची लांबून येणारी खडखड आणि तळाशी ती घरघर.

दिवाळीला चार दिवस असताना ते स्वतःहून खाली आले, हातात किल्ली. "तुळशीले पाणी टाकजा ताई. सापडला आवाज. काटोलले जाऊन राहिलो, रुपरावले आणाले." रुपराव म्हणजे त्यांच्या पाळीतले जुने जोडीदार.

"रेकॉर्ड केलंत का?" मी विचारलं.

"नाही जी. आधी तो हो म्हणन, मंग."

वीज केंद्रातली शिस्त. एकानं रीडिंग घ्यायचं, दुसऱ्यानं तपासायचं, दोघांच्या सह्या झाल्या की मगच ते खरं. त्यांनी तसलं रजिस्टरही आखलं होतं. 'तपासणारा' या रकान्यात रुपरावांचं नाव आधीच लिहिलेलं, सहीची जागा कोरी.

आता माझा पराक्रम ऐका. पाणी घालायला गेले आणि त्या भिंतीवरची जळमटं दिसली. दिवाळीचे दिवस, पाहुणा येणार, आणि घर असं पारोसं! मी पदर खोचला. चाळीसेक वायरी उपसल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, गुंडाळून रबर लावून डब्यात ठेवल्या. बटणं चोळून चकचकीत केली. चोळताना ती फिरली, तर फिरू दिली. त्या यंत्राला स्वतःची आठवण नसते, वायर जिथे खोचली आणि बटण जिथे थांबलं तिथेच आवाज राहतो, हे मला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी दोघे आले. मी शंकरपाळ्यांची ताटली घेऊन शाबासकीच्या अपेक्षेनं उभी. चंपतराव भिंतीकडे बघतच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "साफ केलं वाटते ताईनं."

रुपराव ऐंशीच्या घरातले. काठी टेकत येऊन खुर्चीत बसले. त्यांना खरं सांगायची चंपतरावांची हिंमत झाली नाही. आठ-दहा वायरी त्यांनी कशाबशा खोचल्या. मेन स्विच अजून लावायचाच होता, तेवढ्यात रुपरावांनी डोळे मिटले आणि मान डोलवली.

"हाच गा चंपत! हाच! कुठं सही करू?"

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. म्हाताऱ्याचे कान केव्हाच गेले होते. ओठांकडे बघून बोलणं निभावत होते, आणि जोडीदाराचं मन मोडू नये म्हणून काटोलहून बसमध्ये बसून आले होते. चंपतरावांनी रजिस्टर हळूच मिटलं. "पेन सापडून नाही राहिला गा," म्हणाले. पेन त्यांच्या खिशात होता.

त्यानंतर आठ दिवस वर काहीच वाजलं नाही. ज्या शांततेसाठी दीड वर्षं भांडले ती मिळाली आणि चार वाजले की मी छताकडे कान लावून बसायची. शेवटी वर गेले. "भाऊ, चुकले मी."

"तुमी मुद्दाम थोडीच केलं," ते म्हणाले. "तो आवाज ओळखणारा आता कोणी नाही ताई. मी म्हणीन हाच. पण एकट्याच्या सहीनं काय होते?"

"मी ओळखते की," माझ्या तोंडून निघून गेलं. "माझं झाकण ओळखतं. तुम्हाला सापडला त्या आठवड्यातच ते थरथरलं होतं."

तेव्हापासून रोज चारला ते वर बटणं फिरवायचे, मी खाली पोह्यांच्या डब्याशी उभी राहायची आणि फोनवर सांगायची, "नाही." खोटं बोलून त्यांना मोकळं करावं असं कितीदा वाटलं. पण एक खोटी सही त्यांनी टाळली होती, दुसरी मी कशी करू? संक्रांत गेली, शिवरात्र गेली. होळीच्या दोन दिवस आधी झाकण थरथरलं. मी अनवाणी धावत वर गेले.

"हाच!"

त्यांनी रजिस्टर उघडलं. रुपरावांच्या नावावर रेघ मारली नाही, त्याखाली माझं लिहिलं, 'देवकीताई'. मी सही केली. त्यांनी प्रत्येक बटणाचा आकडा उतरवून घेतला, आणि मग पेन हातात तसाच धरून उभे राहिले.

"आता ऐकवू कोणाले?"

"मी उभी आहे ना," मी चिडून म्हटलं.

"तुमी तर रोजच ऐकता जी."

इतक्या दिवसांत मी ते एकदाही बसून ऐकलं नव्हतं. रुपराव बसले होते ती खुर्ची मी ओढली आणि बसले. अकरा मिनिटं ते माझ्याकडे पाठ करून यंत्रापुढे उभे होते, पाळीवर असल्यासारखे.