जोडीचं पुस्तक

कर्जतच्या आमच्या वाचनालयात एक पुस्तक मागितलं की दोन मिळायची. ग्रंथपाल आप्पा रजिस्टरात नोंद करता करता दुसरं पुस्तक वर ठेवायचे आणि म्हणायचे, "एक तुमच्या मनाचं, एक माझ्या मनाचं." दुसरं नको म्हटलं तर पहिलंही मिळत नसे.

या दुसऱ्या पुस्तकाला काही ताळतंत्र नसे. रहस्यकथा मागणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांना शेळीपालन. राशिभविष्य न्यायला आलेल्या पैलवानाला कवितासंग्रह! तो चिडला, "आप्पा, हे घिऊन मी काय करू?"

"वाच. न्हाई जमलं तर उशाला घे."

पंधरा दिवसांनी पैलवान आणखी कविता मागायला आला, तर आप्पांनी जोडीला विहिरीच्या बांधकामाचा जाडजूड ग्रंथ दिला. मला तर काही उमगेना. पण आप्पांना माणूस बघून कळतं, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं.

मीही तसंच मानायचे, कारण मला प्रचीती आली होती. आई गेली तेव्हा मी तलाठी भरतीची तयारी करत होते. महिन्याभराने गाइड न्यायला गेले, तर आप्पांनी वर पाककृतींचं पुस्तक ठेवलं. असा राग आला! घरी येऊन ते ओट्यावर आपटलं. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. आई गेल्यापासून ते बोलतही नव्हते. दोन दिवसांनी बघते तर दादा चष्मा लावून, पुस्तक समोर धरून कांदा चिरतायत. "चिमूटभर म्हंजी किती गं?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी आम्ही खारट पिठलं खाल्लं आणि दोघंही पोटभर रडलो.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा निवृत्त होऊन मुलाकडे नगरला निघाले. दादांनी केलेल्या कोथिंबिरीच्या वड्या घेऊन मी स्टँडवर गेले. म्हटलं, "आप्पा, त्या पुस्तकानं दादा सावरले. तुम्हाला कसं कळलं हो?"

"कंचं पुस्तक?" आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग ओशाळून म्हणाले, "खरं सांगू का? तीन वरसं कुनी न्हेलं न्हाई ते पुस्तक समिती रद्दीत काढायची. म्हनून ज्याची पाळी आली ते मी येईल त्याच्या हातात द्यायचो. रजिस्टरात न्हेल्याची तारीख पडली का ते टिकलं. मानसातलं मला काय कळतंय?"

हसावं की रागवावं, मला कळेना. इतकी वर्षं मी ज्याबद्दल मनातल्या मनात त्यांचे उपकार मानत होते, ते माझ्यासाठी नव्हतंच.

आप्पांनी एक वडी तोंडात टाकली. "दादांनी केली? सोता?"

"हो."

त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, पुस्तक गेलं का परत येतं. पर ते घरात जाऊन काय करतं, हे सांगाया इतक्या वरसांत कुनी आलंच न्हाई गं."

त्यांना सगळं कळतं असं धरून आम्ही कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. मला फार लाज वाटली. बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि ओट्यावर पुस्तक आपटलं तिथपासून सांगायला लागले. नगरची एसटी लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली आणि गाडी निघून गेली. आप्पा उठले नाहीत.