बारा नंबरचा व्हॉल्व्ह

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात तिला व्हॉल्व्हबाई म्हणत. तोंडावर नाही हं, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सव्वीस वर्षं तिनं शहराच्या पोटातले पाइप आधी कागदावर, मग संगणकावर काढले. कुठल्या गल्लीखाली किती इंची पाइप आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारा.

नाव मात्र पडलं ते एका चुकीमुळे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिनं चिठ्ठीवर लिहिलं, 'बारा नंबर बंद करा.' आता बारा नंबरचा व्हॉल्व्ह उत्तर विभागातही होता आणि दक्षिण विभागातही. व्हॉल्व्हमननं आपला जवळचा बंद केला आणि तो नेमका बाळंतपणाच्या दवाखान्याचा निघाला! चार तास तिथं बादल्यांनी पाणी वाहिलं. साहेबांनी तिला असं फैलावर घेतलं की दोन दिवस घास उतरला नाही. मग दोन वर्षं खपून तिनं अख्ख्या शहराच्या व्हॉल्व्हना नवे नंबर दिले, एकही नंबर दोनदा येऊ दिला नाही. लोक हसले. हसोत बापडे.

यंदा आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात या दोघीच. आईला एकटं सोडून ऑफिसला जायचं कसं? बाईंनी घरून काम करायची परवानगी मागितली. मोठ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घालून एकच आठवडा दिला. "नव्या टाकीचा नकाशा शुक्रवारी पाचपर्यंत ऑफिसात जमा झाला तर पुढचं बघू. नाहीतर सोमवारी टेबलावर हजर व्हा."

सोमवारी टेबलावर हजर, म्हणजे आई शुश्रूषागृहात, दोन तास लांब. आईनं तर वॉकर धरत धरत आपली पिशवी आधीच भरून दाराशी ठेवली होती.

"कशाला भरलीस?"

"ऐनवेळी धांदल नको," आई म्हणाली आणि टीव्हीकडे तोंड वळवलं. 

नकाशा मेलनं पाठवायला खात्याची सक्त मनाई. तो जमा करायचा व्हीपीएनमधून. व्हीपीएन म्हणजे घरच्या इंटरनेटच्या आतून थेट ऑफिसपर्यंत टाकलेली आपली खासगी पाइपलाइन, असं तिनं आईला समजावलं. रविवारी शेजारीण आईजवळ बसली होती तेवढ्यात बहिणीच्या घरी जाऊन तिनं करून पाहिलं, तर सगळं कसं लोण्यासारखं! आणि स्वतःच्या घरात? 'जोडले गेले' असा हिरवा दिवा लागायचा, पण ऑफिसच्या संगणकातलं नकाशांचं कपाट काही उघडायचं नाही. मोबाइलवरून करावं, तर घरात रेंज म्हणजे खिडकीला नाक लावून उभं राहिलं तर एक काडी. फोनवर बोलण्यापुरती, बस. आणि शेजारीण आठवडाभर कामावर, त्यामुळे आईला सोडून पुन्हा बहिणीकडे जाणंही जमेना.

ऑफिसातल्या संगणकवाल्याकडे एकच औषध. "राउटर बंद करून चालू करा."

"चार दिवसांत अकरा वेळा केलंय."

"मग अजून एकदा करा."

केलं. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नकाशा लॅपटॉपवर काढून तयार, आणि तो पोचवायला वाट नाही.

शुक्रवारी दुपारचे अडीच वाजले. संगणकवालाही आता रडकुंडीला आला होता. "बाई, कपाटाचा नेटवर्कवरचा नंबर थेट टाकून बघा. लिहा, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, बारा."

तिनं लिहिलं. आणि पान उघडलं की हो! पण त्यावर लिहिलेलं होतं, 'काळी शाई संपत आली आहे.'

बाई पाहतच राहिल्या. ऑफिसच्या कपाटाला शाई कसली? मग मान वळली. टेबलाच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा प्रिंटर शाईचा लाल दिवा मिचकावत बसला होता.

"अगं बाई! बारा नंबर!"

त्या इतक्या जोरात ओरडल्या की आईच्या हातातला रिमोट पडला. "कोण पडलं?"

"कोणी नाही गं! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" बाई फोनवर सुटल्या, "अहो, तुमच्या कपाटाचा नंबर आणि माझ्या प्रिंटरचा नंबर एकच आहे! लॅपटॉप बिचारा जवळचाच बारा नंबर गाठतोय. बहिणीच्या घरातले नंबर वेगळे असणार, म्हणून तिकडे चाललं!"

पलीकडे कळफलक खडखडला. मग संगणकवाला चाचरत म्हणाला, "होऊ शकतं असं... पण ऑफिसचे नंबर मला बदलता येणार नाहीत."

"तुमचे ठेवा तुमच्यापाशी. मी माझ्या घराचे बदलते. मला सवय आहे."

राउटरचा पासवर्ड त्याच्या पोटाखाली चिकटवलेला, मुंगीएवढ्या अक्षरात. भिंग आईकडे. आई एकेक अक्षर वाचत गेली.

"आठ की मोठा बी?"

"आठ गं. माझं हाड मोडलंय, डोळे नाही."

पान उघडलं. नंबराचा तिसरा आकडा म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर. गल्ली बदलली की सगळी घरं आपोआप बदलणार. एक खोडून बाईंनी एक्याऐंशी लिहिलं.

"माझं वय कशाला घातलंस तिथं?"

"लक्षात राहायला." आणि त्यांनी बटण दाबलं.

राउटरचे सगळे दिवे गेले. आईची इंटरनेटवरची मालिका गेली. लॅपटॉप कशालाच जोडलेला राहिला नाही. दोन मिनिटं बाईंना वाटलं, होतं तेही घालवलं आपण, हात दाखवून अवलक्षण. मग एक दिवा लागला. दुसरा लागला. व्हीपीएन जोडलं.  कपाटाचा नंबर टाकला.

उघडलं! सव्वीस वर्षांचे नकाशे, त्यांच्याच हातचे, ओळीनं. त्यांनी नवा नकाशा त्यात ठेवला. तीन वाजून दहा मिनिटं.

"मिळाला, बाई, मिळाला!" संगणकवाला ओरडला. "थांबा, नीट सांगा, काय केलंत? आणखी पाच जण याच दुखण्यानं घरी अडकलेत."

"घ्या लिहून," बाई म्हणाल्या आणि पाय पसरून, अगदी ऐटीत, पहिल्यापासून सांगायला लागल्या.

पावणेपाचला मोठ्या साहेबांचा फोन आला. नकाशा बघितला, चोख आहे. घरून काम पुढचा आदेश निघेपर्यंत चालू ठेवा. मग जरा घुटमळून म्हणाले, "शाब्बास, व्हॉल्व्हबाई."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर! बाई हसत आईला सांगायला वळल्या, तर खुर्ची रिकामी. 

आई दाराशी होती. एका हातानं वॉकर धरून, दुसऱ्या हातानं पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढत होती.

"बघत काय राहिलीस?" आई म्हणाली. "हे ठेव कपाटात. आणि माझी मालिका चालू कर."