मामांच्या गळ्यातली किल्ली

"माझी ना विहीर, ना बांध. मी कुणाची बाजू घिऊ?" असं म्हणत मामा गळ्यातला काळा दोरा चाचपायचे. त्या दोऱ्यात ताविजाशेजारी दुसऱ्याच्या विहिरीची किल्ली असायची. असा माणूस तुमच्याही गावात असेल, बघा.

राहू गावात माझ्या गिरणीला लागून त्यांचं शिलाईचं दुकान. समोरच्या वस्तीवर दोघा भावांत विहीर एक, मोटर एक अन् भांडण रोजचं. म्हणून स्टार्टरच्या पेटीला कुलूप. ज्याची पाळी, त्यानं सकाळी मामांकडून किल्ली न्यायची, संध्याकाळी आणून द्यायची. आमच्याकडे अशी किल्ली बिनजमिनीच्या माणसाकडंच ठेवतात.

"मामा, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता?" मी विचारायचो.

"आरं, एकदा मधी पडलो. आता उठू कसा?" म्हणत हसायचे. भांडण मिटवून वर चहाही स्वतःच पाजायचे.

एकदा थोरला लग्नाला गेला. त्याच्या पाळीला धाकट्यानं चोरून मोटर चालवली अन् जाळली. पकडल्यावर म्हणतो कसा, "मामांनीच दिली किल्ली!" झालं! उभ्या जन्मात न पटलेले भाऊ त्या दिवशी एक झाले अन् मामांवर पोलिसात तक्रार. म्हातारा दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसून होता.

धाकट्याकडं दुसरी किल्ली होती. त्याआधीच एकदा दळण नेताना ती माझ्या गिरणीत पडली होती, मामांच्या किल्लीसारखीच, नवी कोरी. मीच उचलून दिली होती. पण बायको म्हणाली, "तुम्ही नका त्या लचांडात पडू." मी पडलो नाही. गावही पडलं नाही. ज्यांच्यासाठी मामांनी शिव्या खाल्ल्या तेच म्हणाले, "नसती उठाठेव, आली अंगाशी." थू आमच्यावर!

मामा दुकान आवरून शिरूरला लेकीकडं निघून गेले.

परवा तेच दोघे भाऊ माझ्या दारात. पुन्हा जुंपली होती. "किल्ली तुम्ही ठेवा. तुम्हाला बी जमीन न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "आधी शिरूरला जाऊन म्हाताऱ्याचे पाय धरा! अन् तू, तुझ्याकडची दुसरी किल्ली काढ!" धाकट्याचं तोंड उतरलं. थोरला त्याच्याकडं बघतच राहिला. हे मी ठाण्यात जाऊन बोलायला हवं होतं.

मामांना फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. मामा म्हणाले,

"आज पाळी कुणाची हाय?"

"थोरल्याची."

"मग त्याला पाणी धरू दे. भांडा म्हणावं उद्या."

एक शिवी तरी द्यायची होती मला म्हाताऱ्यानं!