तीन शब्द आणि एक फेरी

भूगावातली आमची सोसायटी एका जुन्या शेतकऱ्याच्या भातखाचरांवर उभी आहे. धोतराखाली नातवाचे बूट घालून, हात मागे बांधून हे ऐंशीच्या घरातले गृहस्थ रोज सकाळी बागेला दहा फेऱ्या मारतात. मी नुकताच निवृत्त झालेला, बाकावर मोबाइल घेऊन बसणारा.

"पाय चाललं की डोकं चालतं, डाक्तर म्हनला," असं सांगून त्यांनी पहिल्याच दिवशी मला कामाला लावलं. फेरीच्या सुरुवातीला ते मला तीन शब्द सांगायचे आणि फेरी संपली की तेच म्हणून दाखवायचे. कुठे चुकले तर मी सांगायचं. ते कधी चुकलेच नाहीत. मी आपला "बरोबर" म्हणायचो आणि या वयातल्या स्मरणशक्तीचं मनात कौतुक करायचो.

काल मात्र तिन्ही शब्द म्हणून झाल्यावर ते समोर थांबून राहिले.

"काय सांगितलं व्हतं मी?"

"आत्ता म्हणालात तेच. कोयता, दावं, घागर."

"न्हाई. कोयता, दावं, इरलं. आठ दिस झालं, रोज एक शब्द मुद्दाम चुकवतुया. तुमी बरोबरच म्हनताय."

"लक्ष नव्हतं माझं," मी म्हणालो.

"मग आता द्या. विळा, सुपली, कासरा."

बखोट धरून त्यांनी मला उठवलं आणि सोबत चालवलं. फेरी संपली तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

"विळा," मी म्हणालो. पुढचं काही येईना.