बाईंना खरं वाक्य लागायचं

खोटं वाक्य बाईंकडे खपायचं नाही. कॅनडात, विनिपेगला, त्यांच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी आम्हा नव्यानं आलेल्या मराठी बायकांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. एका रविवारी एक क्रियापद, आणि त्यावर प्रत्येकीनं स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करायचं. वाक्य पटलं की बाई म्हणत, "बरोबर. बस खाली." यापलीकडे कौतुक नाही!

'रीबिल्ड'चा रविवार मी विसरणं शक्य नाही. "रिपेअर म्हणजे डागडुजी," बाई म्हणाल्या. "रीबिल्ड म्हणजे पडलेलं पुन्हा उभं करणं. घर, धंदा, तब्येत, विश्वास, काहीही. पण आधी ते पडलंय हे कबूल करा." मी तोऱ्यात पुस्तकातलं वाक्य फेकलं, दे रीबिल्ट द ब्रिज.

"तो पूल तुझा का गं?"

झालं! नागपुरात दातांचा दवाखाना चालवणारी मी इथे ग्रोसरीत कांदे-बटाटे रचत होते. "आय वाँट टु रीबिल्ड माय प्रॅक्टिस," कसंबसं म्हटलं आणि रडूच फुटलं. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. "बरोबर. बस खाली."

पुढच्याच हिवाळ्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला. इथल्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंचं इंग्रजी साफ गेलं. उरली फक्त मराठी. मुलाचं निभायचं, पण नात इरा? ती पोर जन्मापासून आजीशी इंग्रजीतच बोलायची, मराठी तिला येतच नव्हतं. एकमेकींवर जीव असलेल्या दोघींना बोलायला भाषाच उरली नाही. मला देवाचा असा संताप आला होता, काय सांगू!

मी भेटायला गेले तेव्हा इरा पलंगाच्या कडेला बसून आजीचा हात चोळत होती. "इट्स ओके, आजी. यू विल रीबिल्ड इट." मी ते मराठीत सांगितलं.

बाईंनी मान हलवली. "खोटं. ते परत येणार नाही, डॉक्टरांनी लेकाला सांगितलंय. तिला म्हणावं, खरं वाक्य दे."

पोरीचा चेहरा पडला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आय मिस टॉकिंग टु हर."

"मराठीत," बाईंनी फर्मावलं.

मी शब्द पुरवले, ती अडखळत बोलली, "मला... तुझ्याशी... बोलायचंय."

"बरोबर. बस खाली."

इरा बसलेलीच होती. आम्ही तिघी हसलो आणि रडलोही.

मग इरा शाळेतून आली की रोज आजीकडे एक मराठी क्रियापद. बूट काढण्याआधी दारातूनच ओरडायची, "आजी, मी आले!" इंग्रजी परत आलं नाही. पुढे बाईही गेल्या.

फ्युनरल होममध्ये मुलगा इंग्रजीत छान बोलला. मग इरा उठली. हातात कागद नव्हता.

"आजीचं इंग्रजी पडलं," ती मराठीत म्हणाली. "माझं मराठी कधी उभंच नव्हतं. ते आजीनं बांधलं. झोपून." पुढे तिला बोलवेना. तिथेच उभी राहिली, कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट पाहत.

आणि भरल्या सभेत माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर. बस खाली."