कापडवाले शेठ आणि उसातली बिबटीण

अख्ख्या शहादा तालुक्यात बिबट्याचा खरा वकील एकच झाला, आणि त्याने जन्मात कधी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. आमच्या गल्लीतले कापडवाले शेठ. घराणं मूळचं राजस्थानातलं, बोली मात्र इथली अहिराणी, धर्म जैन, कांदा-लसूण वर्ज्य, सूर्यास्ताआधी जेवण. असा माणूस रोज सकाळी उसाच्या बांधांवरून बिबट्याची वाळलेली विष्ठा वेचत फिरायचा. ती काडीने फोडून, चष्मा कपाळावर चढवून, बिबट्याने शेळी नेली म्हणणाऱ्यांना तो सांगायचा, "हाई सशानं केस. हाई कुत्रानं नख. शेळी कोठे शे, दाखाड माले!" हा ठेवा साड्यांच्या रिकाम्या खोक्यांत राही. मुलीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपुढे नेमकं त्यातलंच एक खोकं उघडलं गेलं. शेठाणी जागीच थिजल्या. शेठ मात्र शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, वाळेल शे." सोयरीक अर्थातच मोडली. पुढे मुलीने स्वतःच मुलगा पाहिला, तो गुरांचा डॉक्टर निघाला. त्याचं श्रेय शेठ त्या खोक्याला देत.

दुकानात गिऱ्हाईक ब्लाऊजपीस मागायचं आणि शेठ मांजरकुळाचं पुराण लावायचे. एकदा नवं लुगडं उलगडता उलगडता ते एका बाईंना म्हणाले, "बिबट्यानी मादी एकटी ऱ्हास, ताई. पोरे एकटीच वाढवस. नर फिरकस बी नई." बाई लुगड्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मंग मन्हा नवरासारखाच शे तो!" शेठ इतके हसले की वरचं ब्लाऊजपीस दहा सेंटीमीटर जास्त कापून बसले.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. वर्तमानपत्रं 'बिबट्याची घुसखोरी' असे मथळे छापत होती आणि माझं रक्त उसळत होतं. आधी आपण सातपुड्याचा पायथा उघडा केला, मग मैलोन्‌मैल ऊस लावला, आणि त्या उसातच जन्मलेल्या जनावराला घुसखोर म्हणायचं? एक बिबट्या पिंजऱ्यात घालून दूर सोडला की त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरा येतो, हे सांगायचं कुणी? मी सांगायचो, लाल अक्षरांत. शेठांनी माझं एक पत्रक नीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "भाऊ, तुन्ही मराठी बिबट्याले समजी, शेतकरीले नई समजाव." मला राग आला. त्यांचं आपलं काम निराळंच. तोडणीच्या हंगामात ते उसाच्या फडावर जात. ऊस कापत आणला की आतली सगळी जनावरं शेवटच्या उभ्या तुकड्यात गोळा होतात, आणि माणसं काठ्या घेऊन त्याला वेढा घालतात. शेठ मुकादमाला विनवून सगळ्यांना आधी जेवायला बसवत. तेवढ्या वेळात आत जे असेल ते निघून जाई. असं त्यांनी किती जीव वाचवले, ते कुठेच छापून आलं नाही.

एका वर्षी लोणखेड्याजवळच्या एका फडात तोडणीवाल्यांना बिबट्याची दोन पिल्लं दिसली. मुकादमाने शेठना फोन लावला, पण बातमी मलाही कळली आणि मी जवळ होतो, आधी पोचलो. माणसं जमली होती. पिल्लांना कुणी मारेल या भीतीने मी ती उचलली, जवळच्या शाळेच्या ओट्यावर सावलीत नेली, एकाला कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. दुसऱ्याने तोंड फिरवलं. पिल्लांना छातीशी धरून मी फोटोही काढून घेतला, पुढच्या पत्रकासाठी. तासाभरात शेठ धापा टाकत आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "तू त्यास्ले हात कसाले लावा? त्यास्नी माय तठेच येई, तठेच शोधी! आनि दूध कोनं पाजं?"

मी हातातला ओला बोळा खिशात सारला.

वनरक्षकाला बोलावून त्यांनी दोन्ही पिल्लं पपईच्या क्रेटमध्ये घालून जिथे सापडली तिथेच ठेवली. शेतमालकाच्या हातापाया पडून तोडणी थांबवली. पहाटे बिबटीण आली आणि एक पिल्लू घेऊन गेली. दूध न प्यालेलं. दुसऱ्याला जुलाब लागले होते. त्याला मान उचलवेना. वनरक्षकाने ते दवाखान्यात नेलं. दुपारी ते गेलं.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फडावर गेलो. क्रेट तिथेच होता. त्याच्याभोवतीच्या ओल्या मातीत बिबटिणीची पावलं उमटली होती. एक फेरा, दुसरा, तिसरा. मग बांधापर्यंत जाऊन पुन्हा परत. ती दुसऱ्यासाठी आली होती. शेठ बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी लिंबाची एक फांदी तोडली आणि वाकून, गुडघे धरत, ती पावलं पुसायला लागले. लोकांनी पाहिली असती तर संध्याकाळपर्यंत पिंजरा लागला असता. मीही फांदी तोडली. आम्ही दोघं बांधापर्यंत पुसत गेलो, एकमेकांकडे न बघता. त्यांनी मला पुन्हा कधी त्याबद्दल दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता दुकान बंद आहे. गुडघ्यांमुळे मुलाने शेठना सुरतेला, नवव्या मजल्यावर नेलंय. तोडणी सुरू झाली की त्यांचा फोन येतो. शेठाणींची तब्येत सांगून, गावातली लग्नं विचारून झाली की आवाज हळू होतो. "फडवर काय खबर?"

मी सांगतो, पावलं दिसली, मादीची. सोबत पिल्लंही होती.

ते लगेच आकडा विचारतात. "कितला?"

लिहिताना मी आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. त्यांना मात्र दर वर्षी सांगतो, दोन.