अठराचा एक की बाराचे दोन

आमच्या घरातल्या मराठीत ‘विचारणं’ हा शब्दच नव्हता. कन्नडमधल्या ‘केळु’नं तो कधीच गिळून टाकला होता. केळु म्हणजे ऐकणं आणि केळु म्हणजे विचारणंसुद्धा. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात शिवणकाम करत राहिलेल्या आमच्यासारख्या घरांनी ती सोय मराठीतही करून घेतली होती. ‘अप्पांना ऐकून येते’ म्हणजे अप्पांची परवानगी काढून येते. ‘मला का ऐकलं नाही?’ म्हणजे मला न विचारता का केलंत? आणि एखादी गोष्ट ऐकू आली नाही, तरी ‘मला ऐकलं नाही’ असंच म्हणायचो. सांगलीची एक पाहुणी हे ऐकून पोट धरधरून हसली होती. आम्हाला त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

अप्पा म्हणजे माझे वडील. दिवसा शिवणयंत्र आणि एकादशीच्या संध्याकाळी विठ्ठल मंदिरात पखवाज, एवढंच त्यांचं आयुष्य. मी लहान असताना पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक मळून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ती जरा सैल झाली तरी अप्पा पहिल्याच थापेला माझ्याकडे बघायचे. पुढे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी पखवाज दुसऱ्या एकाला देऊन टाकला आणि खांबाला पाठ लावून नुसते ऐकायला बसू लागले. निदान लोकांना तसं वाटायचं.

कारण तोवर अप्पांचे कान जवळजवळ गेले होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की बारीक आवाज आधी जातात, ते गेलेच आहेत. खालचे, जाड आवाज तेवढे उरलेत, आणि तेही राहणार नाहीत. उपाय काही नव्हता. कानातलं यंत्र आणलं तर ते कुईकुई करायचं, म्हणून अप्पांनी ते दोऱ्यांच्या रिळांच्या खणात टाकून दिलं. मला मात्र त्यांनी बजावून ठेवलं होतं, "कुणाला सांगू नकोस हं. किवुडा म्हणतील." किवुडा म्हणजे बहिरा. त्यांच्या वडिलांना सगळी गल्ली याच नावानं हाक मारायची, आणि त्यांना ती हाक ऐकू यायची नाही म्हणून पोरं आणखी जोरात मारायची. अप्पांनी ते पाहिलं होतं. म्हणून त्यांनी आपली एक युक्ती काढली. कुणी काही बोललं, की ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचे आणि मान डोलवायचे. कधी हसायचे. लोक म्हणायचे, अप्पा वयानुसार शांत झाले.

मंदिरातल्या भजनाला माईक होता, कर्णेही होते. पण पखवाज चिपळ्यांसारखा वाजतो, अशी तक्रार होती आणि ती खरीच होती. म्हणून मंडळानं बेसचा बॉक्स घ्यायचं ठरवलं. मंडळाचे प्रमुख माझे काका, अप्पांचे धाकटे भाऊ. साउंडवाल्यानं दोन पर्याय दिले. अठरा इंची स्पीकरचा एक मोठा बॉक्स, किंवा बारा इंचीचे दोन लहान. वाजवून बघा आणि ठरवा म्हणाला.

त्या रविवारी दुपारी तिन्ही बॉक्स टेम्पोतून मंदिरात आले. मोठा बॉक्स चौघांनी मिळून आत आणला. कपड्यांच्या कपाटाएवढा होता तो, काळा, अंगावर जाड गालिचासारखं कापड लावलेला. अप्पा आपल्या खांबाशी बसले होते. मी बायकांच्या बाजूला, त्यांचा चेहरा दिसेल अशी.

पखवाजवाल्यानं पहिली थाप मारली आणि फरशी हलली. माझ्या तळपायांना कळलं. मी अप्पांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि ठेका धरू लागला. आधी चाचपडत, मग बरोबर. समेवर त्यांची बोटं अशी पडली, की वाजवणाऱ्यानंही वर पाहिलं. अप्पांच्या तोंडावर हसू होतं, पण ते रोजचं मान डोलवतानाचं हसू नव्हतं. कित्येक वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून मी रडले. शेजारणीला वाटलं, भक्तीनं रडते आहे.

मग दोन लहान बॉक्स लावले. आवाज सुरेख, साफ, सगळीकडे सारखा. सगळे ‘वा’ म्हणाले. अप्पांचा हात मांडीवर तसाच पडून राहिला. थोड्या वेळानं ते इतरांच्या हातांकडे बघू लागले, भजन सुरू झालं की काय ते समजून घ्यायला.

एवढ्यावरच निकाल लागायला हवा होता. पण आमच्या मंडळात निर्णय म्हणजे आधी भांडण, मग कॉफी, मग भांडणाचा राहिलेला भाग. मोठा बॉक्स ठेवायचा कुठे, इथून सुरुवात झाली. गाभाऱ्याच्या एका बाजूला ठेवला, तर तो विठोबाकडे ठेवायचा की रखुमाईकडे?

"विठोबाकडे ठेवला तर रखुमाईची बाजू सुम्ने, उगाच रिकामी दिसेल," एकजण म्हणाला.

"आणि रखुमाईकडे ठेवला तर तिला आडच होईल की," दुसरा म्हणाला.

समया दोन, चवऱ्या दोन, दाराशी केळीचे खांब दोन, मग बॉक्स एक कसा? हा मुद्दा निघाला आणि सगळ्यांच्या माना हलल्या. स्पीकर निवडायला बसलेली शहाणीसुरती माणसं देवांच्या मानपानाचा हिशेब करू लागली. मला हसू आलं असतं, एरवी.

मी उठले. बायका मंडळाच्या बैठकीत बोलत नसत, पण मी बोलले. म्हटलं, "काका, मोठाच घ्या. पखवाज पखवाजासारखा त्याच्यातच वाजला."

काका हसले. "अगं, दोन घेतले तर एक बायकांच्या बाजूला येतोय नोड, बघ. आजपर्यंत तुम्हा लोकांना कर्ण्याचा किरकिराटच मिळाला. बायकांतली असून तूच बेडा, नको म्हणतेस?"

माझ्या आजूबाजूच्या बायकाही माझ्याकडे डोळे वटारून बघू लागल्या. बरोबरच होतं त्यांचं. काकांनी पहिल्यांदाच कुणाचा तरी विचार केला होता आणि मी त्याच्या आड येत होते. खरं कारण माझ्या जिभेवर होतं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण मी उभी आहे आणि सगळे त्यांच्याकडे बघण्याच्या बेतात आहेत, एवढं कळलं. त्यांनी डोळ्यांनी मला खाली बसवलं. लहानपणी पाहुण्यांसमोर बसवायचे, तसंच. मला काकांपेक्षा त्यांचाच राग आला. स्वतःच्या हातानं दार लावून घेणाऱ्या माणसाचं काय करायचं?

"थांबा, मोठ्या माणसाला ऐकू या," काका म्हणाले आणि अप्पांकडे वळले. "अण्णा, दोनच घेऊया, अल्ला? हो ना?"

अप्पांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"आयतु! झालं तर!" काका म्हणाले. टाळ्या पडल्या. चौघांनी मोठा बॉक्स उचलून परत टेम्पोत नेला. अप्पा त्याच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, जागा बदलायला नेताहेत.

पुढच्या एकादशीला विठोबाच्या बाजूला एक आणि रखुमाईच्या बाजूला एक, असे दोन बॉक्स हार घालून उभे होते. भजन सुरू झालं. अप्पा खांबाशी बसले, दोन्ही तळवे फरशीवर टेकवून. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, म्हाताऱ्याला उठायचं आहे. ते फरशी चाचपत होते. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग हात मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

आरती झाल्यावर काका प्रसाद घेऊन आले. अप्पांनी त्यांचं मनगट धरलं आणि बॉक्सकडे बोट केलं.

"मोठा कुठाय?"

"दोन घेतले की, अण्णा."

अप्पांनी पुन्हा बोट केलं. मग हळू म्हणाले, "मला ऐकलं नाही."

काकांचा चेहरा पडला. "असं काय बोलता? तुम्हाला ऐकलं की! सगळ्यांसमोर ऐकलं. तुम्हीच मान डोलावली."

"मला ऐकलं नाही रे," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मंदिरातल्या प्रत्येकाला वाटलं, थोरल्या भावाला मान दिला नाही म्हणून म्हातारा दुखावलाय. बायका हळहळल्या. आमच्याच भाषेत बोलला होता तो माणूस, आमच्यातच बसून, आणि जे लपवता लपवता त्याची उमर गेली ते त्यानं चारचौघांत उघड सांगून टाकलं होतं. एकालाही कळलं नाही.  आता मी सांगून काय बॉक्स परत येणार होता, की कान?

काका चांगले होते. ते खाली वाकले आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसे अप्पांच्या कानाशी ओरडले, "पुढच्या टैमाला तुम्हाला ऐकूनच करू, अण्णा!"

अप्पांनी मान डोलावली.

नंतरच्या एकादशीला मी साडी बदलून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन तयार झाले. अप्पा शिवणयंत्रापाशी बसले होते. काही शिवत नव्हते. पाय पायट्यावर चालत होते आणि एक हात यंत्राच्या थरथरत्या लाकडी फळीवर सपाट ठेवलेला होता. मी समोर जाऊन त्यांना ऐकलं, "अप्पा, भजनाला येताय ना?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मान डोलावली, आणि तिथेच बसून राहिले.